एकांत आणि साक्षीदार

निर्जन डोंगरावरील जुना वाडा, पावसाने वाहून गेलेली वाट, त्या वाड्याचा देखणा पण निष्ठुर धनी आणि त्याच्या आश्रयाला आलेली एक तरुणी, एवढी सामग्री जमली की हल्ली ‘डार्क रोमान्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कादंबरीची निम्मी बांधणी झालीच म्हणून समजावे. नायक नायिकेला धाकात ठेवतो, प्रसंगी कोंडूनही ठेवतो, आणि तरीही वाचणारीचे मन त्याच्याकडेच ओढ घेते. हे पाहून पुष्कळ सज्जनांना तिच्या नीतीची चिंता वाटू लागते. ही चिंता अगदीच निराधार नाही. पण तिचा रोख चुकतो, असे मला वाटते.

१९३८ साली प्रसिद्ध झालेली ‘रिबेका’ घ्या. मॅक्सिमने पहिल्या पत्नीचा खून केला हे कळल्यावरही तो फासातून सुटावा, अशीच इच्छा धरून आपण पाने उलटतो. १९४० च्या चित्रपटात त्या खुनाचा अपघात करण्यात आला, कारण खुनी पती शिक्षेवाचून सुटणे हॉलिवुडच्या तत्कालीन नीतिसंहितेला खपत नव्हते. नीती सांभाळली गेली खरी. मात्र आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत, हा जो प्रश्न प्रेक्षकाने स्वतःस विचारावयाचा, तोच त्यामुळे नाहीसा झाला.

वऱ्हाडातील वाचकाने या प्रश्नासाठी विलायतेस जाण्याचे कारण नाही. चिखलदरा म्हणजे कीचकदरा. कीचकाला मारून भीमाने त्याला येथल्याच दरीत लोटले, अशी आपल्याकडे समजूत आहे. सामर्थ्यवान, कामांध सेनापती आणि आश्रित सैरंध्री! वर्ण्य विषय तोच. परंतु महाभारतकाराने तिच्यावरील अत्याचारासाठी ओसाड वाडा शोधला नाही. खुद्द राणी सुदेष्णेनेच तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने कीचकाच्या घरी धाडले. तेथून ती पळाली तेव्हा भर सभेत, राजासमक्ष, त्याने तिला लाथ मारली. त्यावर विराट काय म्हणतो? तुमचा तंटा माझ्या दृष्टीआड झाला, त्याचे मला काय ठाऊक! पुढे कीचकाला एकांताचे स्थळ सांगते ती द्रौपदीच, रात्री ओस पडणारी नर्तनशाळा. आणि तेथे कीचकाची वाट पाहत असतो भीम. म्हणजे तिला खरे अरण्य भेटले ते सभेत.

कादंबरी वाचताना आपणही अशाच एका सभेत बसलेले असतो. तेथे दुसरा साक्षीदार नसतो. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकाच्या ठायी कर्झन ओळखला व सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. त्या प्रेक्षकांनी विराटाची सभा होण्याचे नाकारले होते.

मग भयात गोडी वाटणे हे पाप काय? मला तसे वाटत नाही. वाचणारी हवे तेव्हा पुस्तक मिटू शकते. तिचे भय तिने स्वखुशीने पत्करलेले असते. रुक्मिणीचेही हरणच झाले, आणि तेही आमच्या अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून, असे येथील लोक सांगतात. दुरून पाहणाऱ्याला तो रथ, ती धावपळ, तो पाठलाग सारे बळजोरीचेच दिसले असते. पण त्याआधी तिचा निरोप द्वारकेला पोचला होता. तो निरोप वगळून तीच कथा सांगून पाहा!

माझा आक्षेप आहे तो नायिकेचा असा निरोप वाचकाला कधीच ऐकू न देणाऱ्या, आणि शेवटच्या प्रकरणात तिचा नकार हा मुळात होकारच होता असे ठरवून मोकळ्या होणाऱ्या पुस्तकांवर. हे विराटाचेच उत्तर होय. फरक इतकाच की तो निदान ओशाळलेला असावा. १८४७ सालच्या ‘जेन एअर’मध्येही एकाकी वाडा आहे, गुपित आहे, हुकमत गाजवणारा धनी आहे. परंतु त्याची पहिली पत्नी जिवंत असल्याचे कळताच नायिका जवळजवळ रिकाम्या हाताने घर सोडते, माळरानावर उपाशी भटकते. आणि परतते ती स्वतःची मिळकत हाती आल्यावर, स्वतःच्या मर्जीने. शार्लट ब्राँटेने तेवढी पायवाट शिल्लक ठेवली होती. हल्लीच्या पुष्कळ कादंबऱ्यांत पहिल्या प्रकरणात वाहून गेलेली वाट शेवटपर्यंत कोणी दुरुस्त करीत नाही.