जाळे कुठे टाकावे?

आमच्या फुलचूरपासून अरबी समुद्र रेल्वेच्या वाटेने जवळजवळ हजार किलोमीटर दूर. गोंदिया शहराला खेटून असलेल्या या गावात मासा येतो तो तलावाचा, नाही तर बर्फाच्या पेटीतून आलेला. तेव्हा समुद्रात जाळे कुठे टाकावे याविषयी आम्ही बोलणे कोकणातल्या भावांना हास्यास्पद वाटेल. पण तलावांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते, जी दर्यावर दिसत नाही. तलावाला पलीकडचा काठ असतो आणि त्या काठावर कोण उभे आहे ते डोळ्यांना दिसते.

आमच्याकडचे जुने तलाव मालगुजारी काळातले. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आज त्यातली मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवरांच्या सहकारी संस्था ठेक्याने घेतात. सारे गोडीगुलाबीने चालते असे नव्हे. संस्थांच्या सभांत भांडणे होतात, कधी पोलिसांपर्यंतही जातात. मात्र त्या भांडणाला चेहरे असतात. डोंगा घेऊन पाण्यात उतरलेल्या माणसाला आपण कुणाच्या वाट्यातले ओढतो आहोत हे ठाऊक असते, आणि काठावरच्यांनाही ते ठाऊक असते.

समुद्रावर तसे नाही. तिथे माणूस म्हणतो, बोट माझी, कर्ज माझे, डिझेल माझे. समुद्र तर कुणाच्याच मालकीचा नाही. मग मासा असेल तिथे जावे, यात विचार करण्यासारखे काय आहे?

हा प्रश्न नवा नाही. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला होता. तो घेतल्याशिवाय जहाज हाकारायचे नाही, मग ते व्यापाराचे असो की हाजींना घेऊन निघालेले. 1609 मध्ये ह्यूगो ग्रोशियस या डच विद्वानाने समुद्र कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही असा युक्तिवाद छापला, तो याच पोर्तुगीज दाव्याविरुद्ध. अर्थात डच कंपनीने 1603 मध्ये पोर्तुगीजांचे एक मालाने भरलेले जहाज पकडले होते आणि त्याचे समर्थनही करायचे होते. निव्वळ न्यायबुद्धीने कोण कागद काळे करतो! ग्रोशियसचे म्हणणे थोडक्यात असे की, वापरल्याने जे संपत नाही त्यावर कुणी कुंपण घालू नये. जहाज गेल्याने पाणी झिजत नाही. पण मासे एका अर्थाने संपू शकतात असे म्हणता येईल, एवढी कबुली त्यालाही द्यावी लागली. त्या कबुलीत आमच्या प्रश्नाची गाठ आहे.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारे दालदी मुसलमान आहेत. नाखवा, तांडेल ही आडनावे कोळ्यांत आहेत तशी कोकणी मुसलमानांतही आहेत. तिथे पर्ससीन नेटवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचा जो वाद वर्षानुवर्षे चालला, तो धर्माचा नव्हता, जातीचाही नव्हता. एकाच मोहल्ल्यात, कधी एकाच घराण्यात दोन्ही बाजूंची माणसे निघतात. वाद होता लांब जाऊ शकणाऱ्याचा आणि न जाऊ शकणाऱ्याचा.

कायद्याने रेघा ओढल्या आहेत. राज्याची हद्द बारा सागरी मैलांची, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर. 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली ट्रॉलरना काही भागांत पाच, तर काही भागांत दहा वाव खोलीच्या आत मनाई आहे. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने राज्याच्या हद्दीतली पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांपुरती आणि ठरावीक भागांपुरती ठेवली. 2021 मध्ये दंडही वाढवला. या रेघा हव्यातच. पण कुठे जाऊ नये एवढेच त्या सांगतात. परवानगीच्या पाण्यात नेमके कुठे जावे, हे तांडेलाला स्वतःच ठरवावे लागते.

आमचे मत असे की, ज्याची बोट लांब जाऊ शकते त्याचा जवळच्या पाण्यावरचा हक तेवढ्याच प्रमाणात कमी होतो. छोट्या होडीला दुसरा पर्याय नाही. ती चार-पाच वावांतच फिरणार. मोठ्या बोटीला चाळीस वावांतही जाता येते. तरी ती जवळ येते, कारण डिझेल वाचते आणि पावसाळ्यानंतर उथळ पाण्यात पिल्ले दाटलेली असतात. तिच्या दृष्टीने ही बचत. होडीवाल्याच्या घरात तीच चुलीपर्यंत पोचते.

यावर मोठ्या बोटवाल्याचे उत्तर आम्हांला ठाऊक आहे, आणि ते पोकळ नाही. तो म्हणतो, तीसेक खलाशांची पोटे माझ्यावर आहेत. मासा एका जागी थांबत नाही. मी सोडला तर मलपीचे वेगवान ट्रॉलर येऊन नेतील. मलपीचे ट्रॉलर सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पाण्यात येतात ही खरीच तक्रार आहे. मात्र मलपीवालाही आपल्या बंदरात हेच बोलत असेल. दुसरा लुटणार म्हणून आधी आपण लुटावे, हा न्याय धरला तर गस्तीची मागणी करायला तोंड उरत नाही.

एक भाग मात्र आम्हांला अवघड वाटतो. आजवर जागा ही तांडेलाची विद्या होती. पाण्याचा रंग, पक्ष्यांचे थवे, चंद्राची तिथी, वडिलांनी दाखवलेली खूण. आता हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून संभाव्य जागांची सूचना फुकट देते. डिझेल वाचते, वेळ वाचतो, छोट्यालाही माहिती मिळते, हे चांगलेच. पण एकच सूचना सगळ्यांना मिळाली की सगळे एकाच जागी. तांडेल आपली जागा लपवून ठेवी, त्याला आपण स्वार्थ म्हणत आलो. त्या लपवण्याने काही पाणी विसावा घेत असे, हेही खरे.

त्याहून विचित्र प्रकार एलईडी दिव्यांचा. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये त्यावर बंदी घातली, तरी चोरून ते चालते. इथे बोट कुणाच्या जागेत घुसतही नाही. ती आपल्या ठिकाणी उभी राहते आणि उजेड पाहून मासाच शेजाऱ्याच्या पाण्यातून निघून येतो. हद्द पाळली, तरी शेजाऱ्याचे पाणी रिकामे झाले. म्हणून 'मी रेघेच्या आत होतो' ही सफाई आम्ही पुरेशी मानत नाही. नियत रेघेवरून मोजता येत नाही.

आणि 'माझी बोट' या शब्दांत आणखी एक झाकलेली गोष्ट आहे. मालक पुष्कळदा किनाऱ्यावर असतो, बोटीवर असतात खलाशी. पालघर जिल्ह्यातली माणसे गुजरातच्या बोटींवर मजुरीला जातात. चांगला मासा पाकिस्तानच्या सागरी सीमेजवळ मिळतो म्हणून बोटी तिकडे सरकतात. पकडल्या गेल्या की खलाशी कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतात. नोव्हेंबर 2021 मध्ये 'जलपरी' या बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला, त्यात पालघर जिल्ह्यातला एक खलाशी ठार झाला. सीमा ओलांडली होती की नाही, यावर दोन्ही देश आपापले सांगत राहिले. आमचा प्रश्न वेगळा आहे. अशा सीमेजवळ बोट न्यायची ठरते, तेव्हा जाळे ओढणाऱ्यांपैकी कुणाला विचारले जाते? पकडीच्या वाट्यावर घासाघीस होते, डिझेल कुणाच्या हिशेबात धरायचे यावरही होते. कुठे जायचे, यावर खलाशाचे मत घेण्याची रीत आम्ही तरी ऐकलेली नाही. तो ओखा किंवा पोरबंदरला बोटीवर चढतो आणि तांडेल नेईल तिकडे जातो.