डावा पाय, उजवा पाय

खिडकीपाशी बसा. समोर काही जवळचं असावं, काही लांबचं. कुंडीतली जास्वंद, तिच्यामागे खिडकीचे गज, गजांपलीकडे समोरच्या इमारतीवरची टाकी. एवढं पुरे. कॅमेरा अजून हातात घेऊ नका.

उजवा डोळा मिटा. जास्वंदीचं फूल टाकीच्या कोणत्या बाजूला दिसतं, ते नीट पाहून घ्या. आता डोळा बदला. फूल सरकलं. गजही सरकले, पण फुलापेक्षा कमी. पुन्हा बदला, सावकाश. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. तुम्हाला पाहता येऊ लागलं तेव्हापासून हे तुमच्यासमोर चालू आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवले की ही सरक नाहीशी होते आणि तिच्या जागी फूल आणि गज यांच्यामधली मोकळी जागा दिसू लागते. त्या जागेकडे थोडा वेळ पाहा. फुलाकडे नाही, गजांकडेही नाही, मधल्या हवेकडे.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. तेवढ्या अंतरामुळे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळतात आणि त्या वेगळेपणातून खोली जाणवते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. तेव्हा छायाचित्रणाची घोषणाही झालेली नव्हती. त्यांनी नुसत्या रेषांच्या आकृत्या काढल्या, छायाप्रकाश मुद्दाम टाळला आणि दोन आरशांतून एकेक आकृती एकेका डोळ्याला दाखवली. कागदावरच्या रेषा हवेत उभ्या राहिल्या. पुढे १९६० मध्ये बेला युलेश यांनी याहून पुढचं टोक गाठलं. त्यांच्या जोडीतल्या दोन्ही चित्रांत फक्त विखुरलेले ठिपके होते. एका डोळ्यानं पाहिलं तर त्यांत कुठलाच आकार नव्हता. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की मधला चौकोन वर उचलल्यासारखा दिसे. तो चौकोन डाव्या चित्रात नव्हता, उजव्यातही नव्हता. इथे जरा थांबा. मग तो कुठे होता?

हा प्रश्न सोबत घेऊन आता कॅमेरा उचला. कपाटात पडून असलेला साधा फिल्म कॅमेरा चालेल. दोन भिंगांचे कॅमेरेही असतात. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीचा ‘स्टिरिओ रिअलिस्ट’ १९४७ मध्ये बाजारात आला आणि हजारो हौशी लोकांनी त्यावर रंगीत पारदर्शिका काढल्या. सुंदर यंत्र आहे. तरी सुरुवात एकाच भिंगानं करावी असं मला मनापासून वाटतं, कारण मग दुसरा डोळा तुमच्या शरीरालाच व्हावं लागतं.

पाय थोडे फाकवून उभे राहा. सगळा भार डाव्या पायावर घ्या. श्वास सोडा, बटण दाबा. रोल पुढे सरकवा. फोकसला हात लावू नका, उजेडाचं मापही बदलू नका. आता भार उजव्या पायावर घ्या. कॅमेरा वर-खाली झाला नाही ना, तिरका झाला नाही ना, ते पाहा आणि पुन्हा दाबा. छत्तीसच्या रोलमध्ये अशा अठरा जोड्या बसतात.

किती सरकायचं? हौशी लोकांचा जुना अंदाज आहे: सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा हिस्सा. वस्तू दोन मीटरवर असेल तर सुमारे साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्याच डोळ्यांइतकं. फूल साठ सेंटिमीटरवर असेल तर दोनच सेंटिमीटर. गडाच्या माचीवरून समोरची डोंगररांग घ्यायची आणि चौकटीतलं सर्वांत जवळचं झाड तीनशे मीटरवर असेल, तर दहा मीटर चालून जावं लागेल. त्या जोडीत डोंगर एखाद्या लहानशा प्रतिकृतीसारखे दिसतात, कारण मेंदू ते दहा मीटर आपल्या दोन डोळ्यांमधलंच अंतर धरतो. पाहणारा तेवढा अवाढव्य होतो.

दोन चित्रांमध्ये थोडा वेळ जातो. त्या वेळात पान हललं तर ते जुळत नाही, नुसतं लुकलुकत राहतं. म्हणून वारा पडायची वाट पाहावी लागते. रस्त्यावरची गर्दी, समुद्राची लाट हे विषय या पद्धतीला मिळत नाहीत. मिळतं ते जागचं न हलणारं: देवळाचा सभामंडप, विहिरीच्या पायऱ्या, वडाच्या पारंब्या. पारंब्या तर अवश्य घ्या. सपाट छायाचित्रात त्यांचा गुंता होतो. जोडीत प्रत्येक पारंबी आपापल्या जागी सुटी उभी राहते.

रोल धुवून आला की छापांच्या मागे ‘डावं’, ‘उजवं’ लिहा. अदलाबदल झाली तर जवळचं मागे जातं आणि मागचं पुढे येतं. प्रत्येक छाप सहा सेंटिमीटरहून रुंद नको. दोन्ही शेजारी ठेवा आणि कागदाच्या आरपार लांब पाहत असल्यासारखी नजर सैल सोडा. दोनाची तीन चित्रं होतात. मधल्यावर राहा. जोर लावू नका. आधी ते पुसट असतं, मग स्वच्छ होतं. आता पारंबीच्या मागे जा. मग खोडामागे. वस्तू प्रेक्षकांच्या अंगावर फेकणारे ‘छोटा चेतन’सारखे त्रिमिती सिनेमे आपल्या आठवणीत आहेत, पण मला त्याहून मोलाची वाटते ती ही आत जाण्याची वाट, जिथे नजरेला कुणी ओढत नाही.

सूझन बॅरी या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ. लहानपणापासूनच्या तिरळेपणामुळे त्यांना अशी खोली कधी दिसलीच नव्हती. दृष्टीच्या व्यायामांनंतर, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती दिसू लागली. गाडीचं स्टिअरिंग हवेत पुढे आलेलं दिसलं. पडणाऱ्या बर्फाचे कण पूर्वी एका पडद्यावर असल्यासारखे वाटत. आता त्या स्वतः कणांच्या मधोमध उभ्या होत्या. बर्फ तोच होता.

म्हणून तुमची जोडी दुसऱ्याच्या हातात देताना काय दिसेल ते आधी सांगू नका. तुम्ही देऊ शकता ती दोन सपाट चित्रंच. पारंब्यांमधली हवा ज्यानं त्यानं आपल्या डोक्यात उभी करायची असते आणि काहींच्या डोळ्यांना ते जमत नाही. त्यांना घाई करू नका. जोडी थोडी लांब धरायला सांगा, उजेडाकडे वळायला सांगा, आणि मग एवढंच विचारा: यात तुमच्या सर्वांत जवळ काय आहे?