परतीचें भाडें

उभय पक्षांच्या राजीखुषीनें जो सौदा ठरला त्यांत अन्याय कसला, असा प्रश्न व्यवहारकुशल माणसें वारंवार करतात. वरवर पाहतां तो बिनतोड वाटतो, व आम्हांसही तो पुष्कळ वर्षें तसाच वाटत असे. परंतु गेल्या वर्षीं घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें ह्या समजुतीस तडा गेला.

आम्हीं नागपुराहून पुण्यास बिऱ्हाड हलविलें. मालमोटार एका दलालामार्फत ठरविली व त्यास ३०,००० रुपये दिले. घासाघीस करून ४,००० कमी करविले, ह्याचा आम्हांस थोडासा अभिमानच होता. पुण्यास ग्रंथांच्या पेट्या उतरवून झाल्यावर चहा घेतांना मोटारीचा मालक (तोच चालकही होता) सहज बोलून गेला कीं, ह्या खेपेचे त्यास १९,००० ठरले असून त्यांतील ४,००० पोंच दाखविल्यावर मिळावयाचे आहेत. "मग तुम्हीं कबूल कां केलेंत?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "साहेब, गाडी रिकामी आणली असती तरी डिझेल जळलेंच असतें."

ह्या एका वाक्यांत त्याचें सारें अर्थशास्त्र आलें. माल पोंचवून परगांवीं उभ्या राहिलेल्या गाडीची बाजू लंगडी असते. डिझेल व पथकर निघून चार पैसे उरले, तरी रिकामें परतण्यापेक्षां तें बरें. टायरांची झीज, विमा, बँकेचा हप्ता हे खर्च मात्र त्या भाड्यांतून निघत नाहींत. शिवाय ज्याच्यापाशीं एकच गाडी आहे अशा शेंकडों मालकांनीं स्वतंत्रपणें हाच शहाणपणा केला, म्हणजे सर्वांचेंच भाडें उतरतें, व परतीचा पडता दर हाच बाजाराचा दर होऊन बसतो.

वादळांत सांपडलेलें तारूं वाचविण्यासाठीं खलाशी माल समुद्रांत टाकतात, तें कृत्य स्वेच्छेचें कीं सक्तीचें, असा प्रश्न ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत घातला आहे. असें कृत्य मिश्र असतें, हें त्याचें उत्तर. त्या क्षणीं निवड माणसाचीच असते, पण एरवीं आपण होऊन तसें कोणी करणार नाहीं. मोटारमालकाची संमति ह्याच जातीची आहे. तिनें करार सिद्ध होतो. तो न्याय्य आहे हें मात्र सिद्ध होत नाहीं.

तथापि दलालास दोष देण्याची घाई नको. हें वादळ त्यानें उठविलेलें नाहीं. तो गिऱ्हाइकास गाडी व गाडीस माल मिळवून देतो, आणि उधारी बुडाल्यास कित्येकदां स्वतः झळ सोसतो. ह्या कामाची दलाली त्यानें अवश्य घ्यावी. आमचा आक्षेप दलालीवर नसून ती झांकून ठेवण्यावर आहे. गाडीवाल्यास किती मिळतात हें आम्हांस ठाऊक नव्हतें, व आम्हीं किती दिले हें त्यास ठाऊक नव्हतें. त्या दोन अज्ञानांच्या फटींत ११,००० रुपये बसले होते. आपल्या श्रमाचें मोल घेणें निराळें, आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचें मोल घेणें निराळें.

अमेरिकेंत हा वाद जुना आहे. १९३५ च्या कायद्यानें तेथील दलाल सरकारी देखरेखीखालीं आले. १९८० मध्यें मोटारवाहतुकीच्या धंद्यावरील बंधनें पुष्कळ सैल झालीं. तरीही दलालानें प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवावी व ती पाहण्याचा हक्क उभय पक्षांस असावा, असा नियम तेथें आहे. परंतु हा हक्क सोडून देण्याचें कलम दलालांच्या करारपत्रांत वरचेवर आढळतें, आणि गरजू मालक त्यावर सही करतो. पुनः तीच वादळांतील संमति! २०२० च्या मे महिन्यांत भाडीं कोसळलीं असतां मोटारवाल्यांनीं वॉशिंग्टन येथें गाड्या उभ्या करून जी दाद मागितली, तींत दलाली उघड व्हावी ही मागणी प्रमुख होती. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें अशा दलालास परवाना घ्यावा लागतो. पण परवान्यावरून दलालाचें नांव कळतें, एखाद्या खेपेंतील त्याचा वांटा कळत नाहीं.

निघतांना आम्हीं त्या मालकाच्या हातावर ५०० रुपये ठेवले. त्यानें ते घेऊन नमस्कार केला, आणि तो नमस्कार आम्हांस अजून बोंचतो. त्याचें आमच्याकडे जें देणें होतें तें बक्षीस नव्हे. "ह्यांतील गाडीवाल्यास किती?" एवढा एक प्रश्न नागपुरांतच दलालास विचारणें, हें तें देणें होतें. पैसे देणाऱ्या आम्हांस तो विचारण्यास कसलीच अडचण नव्हती. आमच्यावर कोणतेंही वादळ आलेलें नव्हतें. आम्ही गुंतलों होतों तें ४,००० रुपये कमी करविण्यांत. ते दलालानें आपल्या वांट्यांतून सोडले, कीं त्या मालकाच्या भाड्यांतून, हें आम्हीं तेव्हां विचारलें नाहीं, आणि आतां विचारण्यास तो मालक समोर नाहीं.