शब्द दिला होता स्टँडला

मामा: प्रशिक्षक आंद्रे व्हिलास-बोआसनं पोर्तो क्लब सोडला, याला मी नुसती महत्त्वाकांक्षा म्हणणार नाही. ज्या खुर्चीला ‘माझ्या स्वप्नातली’ म्हटलं, ती एका हंगामात रिकामी करायची?

मी: त्या हंगामात काय दिलं तेही मोजा ना. 2010-11ची लीग, 30 सामने, 27 विजय, 3 बरोबरी, हार एकही नाही. विजेतेपद पक्कं झालं ते थेट कट्टर प्रतिस्पर्धी बेनफिकाच्या मैदानावर. सामना संपताच तिथले दिवे घालवले, पाण्याचे फवारे सोडले. पोर्तोची पोरं अंधारात भिजत नाचली. वर पोर्तुगीज कप आणि डब्लिनमध्ये युरोपा लीग. तेव्हा वय 33.

मामा: म्हणूनच जास्त लागतं. परका गेला असता तर कुणी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. हा पोर्तोत जन्मलेला. पोरवयात पोर्तोचे तेव्हाचे प्रशिक्षक बॉबी रॉबसन त्याच्याच इमारतीत राहायचे. स्ट्रायकर डोमिंगोसला का खेळवत नाही, असं विचारणारी चिठ्ठी यानं त्यांना लिहिली आणि रॉबसननी त्याला क्लबचं दार उघडून दिलं. डब्लिनच्या अंतिम सामन्यात समोर ब्रागाचा प्रशिक्षक कोण होता? तोच डोमिंगोस! इतकं मिळालेला माणूस महिनाभरात लंडनला जातो?

मी: लंडनच्या चेल्सीनं त्याला पळवून नेलं नाही. करारातच दीड कोटी युरोची किंमत लिहिली होती, त्यांनी ती भरली. अंतिम सामन्यातला एकमेव गोल करणारा फाल्कावही त्याच उन्हाळ्यात विकला गेला. क्लबनं खेळाडू विकला तर तो व्यवहार, आणि प्रशिक्षक गेला की बेईमानी?

मामा: करार क्लबशी होता. स्टँडमधल्या माणसानं कुठे सही केली होती? त्याच्याकडे फक्त या माणसाचा शब्द होता.

मी: त्या माणसाचं नुकसान काय झालं? सहायक व्हिटर परेरानं सूत्रं घेतली आणि पुढच्या दोन्ही लीग जिंकल्या.

मामा: चषक दाखवून माझं तोंड बंद करू नकोस. माणूस गेल्यावरही घर चालतं, म्हणून त्याचं जाणं बरोबर ठरत नाही.

मी: पण असं बोलावणं पुन्हा येईल याची हमी कोण देणार? फुटबॉलमध्ये कुणी थांबत नाही. चेल्सीनंच त्याला मार्च 2012मध्ये काढलं, नऊ महिनेही झाले नव्हते. आणि मनात लंडन ठेवून तो पोर्तोत बसून राहिला असता, तर ती निष्ठा म्हणायची?

मामा: तीच म्हणायची. मन तिथेच रमलेलं असताना राहण्यात कसली आलीय निष्ठा? दुसरीकडे ओढ असताना राहिला, तरच तो शब्द पाळला म्हणायचं.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मी: मग एप्रिल 2024चं काय? 42 वर्षं पोर्तोचे अध्यक्ष असलेल्या पिंटो दा कोस्टांसमोर तो उभा राहिला आणि सुमारे 80 टक्के मतं घेऊन निवडून आला. मतं सभासदांची, म्हणजे त्याच स्टँडमधल्या लोकांची. त्यांनी माफ केलं, तर आपण कोण?

मामा: माफ केलं, म्हणजे चुकलं होतं हे धरूनच.

मी: किंवा चुकलं नव्हतं असं वाटलं म्हणून मत दिलं. आता उद्या गावातल्याच एखाद्या तरुण प्रशिक्षकाचा करार त्याच्यासमोर येईल. सोडून जाण्याची किंमत त्यात घालायची की नाही, हे त्यालाच ठरवायचंय.

मामा: घालू दे, खुशाल घालू दे. फक्त सही घेण्याआधी त्या पोराला बसवून सांगावं, स्टँडसमोर बोलशील ते जपून बोल.