न विचारलेले ‘नाही’

दिवाळी अंकात पोटाच्या दुखण्याविषयी लिहू नये, एवढे मलाही कळते. वाचकाच्या एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात चकली असते. पण चकलीचा आणि पोटाचा संबंध फार जुना आहे. म्हणून रसभंगाचा दोष पत्करून एक प्रसंग सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आईचे पोट दुखू लागले. आम्ही कोलशेतला राहतो. खाडीकाठचे हे आगरी-कोळ्यांचे गाव आता उंच इमारतींनी वेढले आहे. पण पहिला पाऊस पडला, की दवाखान्यात जुलाब-उलट्यांच्या रोग्यांची जी रांग लागते, तीत गावठाणातला आणि विसाव्या मजल्यावरचा शेजारी-शेजारी बसतात. आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर या खेपेस एक मोबाइल उताणा ठेवलेला होता.

“आजी, हा आपले बोलणे ऐकतो आणि केसपेपर लिहून काढतो. चालेल ना?” डॉक्टरांनी विचारले. आईने मान डोलावली.

कृत्रिम बुद्धिमत्तेची ही करामत मला आवडली, हे आधीच कबूल करतो. इतकी वर्षे मी डॉक्टरांचा भांगच पाहत आलो होतो. त्या दिवशी प्रथमच ते मान वर करून आईच्या तोंडाकडे पाहत होते. आई सांगत होती, “पोटात आग पडते, मधेच पीळ बसतो, जेवण नको वाटते.” मग ती थांबली. पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि पडद्याकडे वळले.

केसपेपर तयार होता. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरने १९६० च्या दशकात रूढ केलेले चार खण त्यात नीटनेटके भरले होते: रोगी काय सांगतो, तपासणीत काय आढळले, निदान काय, पुढे काय करायचे. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तरी एक ओळ मला वाचता आली: ‘शौचावाटे रक्त जात नाही.’

डॉक्टर मान्यतेचे बटण दाबणार, तोच थबकले. “हे तर मी विचारलेच नाही,” ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “मास्तर, जरा बाहेर बसता का?”

पाच मिनिटांनी त्यांनी मला आत बोलावले. चार दिवस आईला डांबरासारखे काळे होत होते. गुडघ्यांसाठी ती उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेत होती. मुलासमोर हे कसे सांगायचे, म्हणून ती गप्प राहिली होती. पुढे मोठ्या इस्पितळात दुर्बिणीने पाहिले, तेव्हा जठरात व्रण आढळला. वेळेवर उपचार झाले.

त्या ‘नाही’ने माझी झोप उडवली. यंत्र खोटे बोलले, असे म्हणवत नाही. खोटे बोलायला खरे ठाऊक असावे लागते. त्याने फक्त रिकामी जागा भरली. २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘व्हिस्पर’ नावाच्या श्रुतलेखन यंत्रणेची परीक्षा घेतली, तेव्हा सुमारे १ टक्का तुकड्यांत कोणीही न उच्चारलेली वाक्ये सापडली. आणि बोलणारा जिथे अधिक वेळ थांबे, तिथे ती अधिक उपजत. आईही थांबलीच होती की! माणसाच्या दृष्टीने ते थांबणे हेच उत्तर होते.

मी कादंबऱ्या लिहितो. रिकाम्या जागा भरणे हाच माझा धंदा. पण कादंबरीतली म्हातारी माझ्या चुकीने मरत नाही. नोंदीचा धर्म वेगळा: जे विचारले नाही, तिथे जागा कोरीच ठेवायची. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटभोवती पटकी पसरली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंचा माग काढला. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कित्येक महिने तिथे फिरकलीही नसताना दगावली होती. तिच्या मुलाने सांगितले, की आईला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी आवडे. ते रोज गाडीतून तिच्याकडे जाई. पटकी पाण्यातून पसरते, या म्हणण्याला त्या नोंदीने मोठे बळ दिले. ‘नेहमीचे’ भरणाऱ्याच्या हातून ती ओळ लिहिली गेली नसती.

मात्र यंत्राला नावे ठेवताना माझी जीभ अडखळते. निकालाच्या दिवसांत चाळीस प्रगतिपुस्तके पुढ्यात घेऊन ‘वर्तन समाधानकारक’ असे मी एका दमात लिहीत आलो आहे. त्यातले कितीजण त्या वर्षी घरी रडत होते, हे मी कुठे विचारले होते? न विचारता ‘नाही’ लिहिणारे डॉक्टर यंत्रापूर्वीही असतीलच. यंत्र शिकले ते माणसांच्या लिखाणावर. मग ही खोड त्याने आणली कोठून?

म्हणून मला वाटते, खरा प्रश्न कोणी लिहिले हा नाहीच. साक्षीला कोण उभा राहतो, हा आहे. लेखणी कोणाचीही असो, सही करणाऱ्याने प्रत्येक ओळीला विचारावे: तू मला कोणी सांगितलीस? आमच्या डॉक्टरांनी ते विचारले, आणि आई वाचली.

यंदा आई चकल्यांच्या देखरेखीला बसली आहे. परवा तिला विचारले, “पोट कसे आहे?” “बरे आहे,” ती म्हणाली. पूर्वी मी एवढ्यावर उठलो असतो. आता जरा वेळ तिच्याजवळच बसून राहतो.