थापी

पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याची थापी म्हणजे गवंड्याच्या थापीची धाकटी बहीण. चारपाच इंची टोकदार पाते, तेही दांडीसकट एकाच पोलादातून घडवलेले. वेल्डिंगची थापी स्वस्त पडते आणि ऐन खड्ड्यात मान टाकते. आमचा पुतण्या दुकानात तासभर थाप्या वाकवून पाहत होता. एवढी चौकशी तर आम्ही बँकवाले कर्जदाराचीही करत नाही!

मी म्हटलं, "अरे, कुदळीनं लवकर आटपेल की!"

"काका, थर एकदाच वाचता येतो. वाचला की गेला. म्हणून खणायचं नाही, खरवडायचं."

माझ्यातला कारकून दचकला. म्हणजे खातेवही वाचता वाचता फाडत जायची! इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी अशीच माती खरवडली, तेव्हा चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस सापडला. त्याला पुरणाऱ्यांनी काही आपली परवानगी दिली नव्हती. पण न उकरता तो आपल्याला कळला असता कसा?

हे पुतण्याला विचारलं, तर म्हणाला, "म्हणून तर थोडं टेकाड तसंच सोडायचं. पुढच्यांच्या थाप्या आमच्यापेक्षा चांगल्या असतील."

आणि दुकानदाराशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करू लागला.