मंग काय झालं?

पावसाळा रंगात आला की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत एक रविवार चिखलदऱ्याच्या नावानं बाजूला निघतो. पहाटे पोळ्या लाटल्या जातात, ठेचा डब्यात भरला जातो, कोणाची तरी चप्पल ऐनवेळी सापडत नाही. अमरावतीकर परतवाड्यावरून वर चढतात. अकोल्याकडची मंडळी अकोट, अंजनगाव करत तिथंच येऊन मिळते. परतवाडा मागे पडला की सातपुडा समोर उभा राहतो. मग घाट, ओला साग आणि खिडकीतून आत येणारे ढग. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटर उंच. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसलेल्या वऱ्हाडी माणसाला जुलैत अंगावर स्वेटर घालावा लागतो, याचंच त्याला मोठं अप्रूप. वर गवळ्यांचा खवा मिळतो, कॉफीची झाडं दिसतात, पलीकडे गाविलगडाचा कोट धुक्यात असतो. तोच कोट १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीनं घेतला आणि पुढे बारा वर्षांनी त्यानंच नेपोलियनला वॉटर्लूला हरवलं. पण सहलीला आलेल्या घरात वेलस्लीचं नाव फारसं निघत नाही. इथं चालतो तो भीम.

भीमकुंडाच्या कठड्यापाशी मागच्या पावसाळ्यात एक कुटुंब उभं होतं. सहा-सात माणसं. समोर खोल दरी, पाण्याचा आवाज, सगळ्यांचे हात वर, हातात मोबाइल. नऊवारीतली आजी तेवढी मोकळ्या हातांची. ती सांगत होती, ‘‘अठीच धुतले भीमानं हात. कीचकाले मारलं न्‌ त्याच दरीत फेकलं.’’ मुलगा फोटोची चौकट जुळवत म्हणाला, ‘‘माहीत आहे आई, टीव्हीवर पाह्यलं सगळ्यायनं.’’ आजीचा आवाज खाली आला. ती बोलत राहिली, पण आता कठड्याशी बोलत होती. तेवढ्यात तिच्या कमरेला बिलगलेली सातेक वर्षांची नात म्हणाली, ‘‘मंग?’’ झालं! आजीनं पदर खोचला. ‘‘मंग काय बाई, भीम होता सयपाक्या. विराट राजाच्या घरी सयपाक करे. हाताले तिखट-मिठाचा वास. अन्‌ द्रौपदी दासी होऊन राह्यली होती, राणीची वेणीफणी करे. राणीचा भाऊ तो कीचक, त्याची नजर वाईट.’’ पोरीनं पुन्हा विचारलं, ‘‘मंग काय झालं?’’ आजीनं दोन्ही हातांनी कोणालातरी धरून उचलल्यासारखं केलं आणि दरीकडे भिरकावलं. पोरगी दोन पावलं मागे सरली. पलीकडच्या अनोळखी मंडळींनीही माना वळवल्या.

महाभारत उघडून पाहिलं तर भीमानं कीचकाला मारलं ते नर्तनशाळेत, रात्रीच्या अंधारात. दरीचा आणि कुंडाचा भाग आपल्या लोकांनी जोडला. कीचकाचा दरा म्हणून चिखलदरा, असंही इथं सांगतात. जवळच्या वैराटला विराटनगरी मानतात. तिकडे राजस्थानातल्या बैराटचेही लोक विराटनगरी आपलीच म्हणतात. विद्वानांनी यावर खुशाल वाद घालावा. मला त्या दिवशी नवल वाटलं ते त्या मुलीच्या ‘मंग’चं. गोष्ट आजीकडे होतीच, कित्येक वर्षं होती. पण तिखट-मिठाचा वास त्या ‘मंग’नंतर आला. द्रौपदीची वेणीफणीही त्यानंतरच आली. कोणी विचारलंच नसतं, तर आजीनं ती गोष्ट दोन वाक्यांत गुंडाळली असती आणि सगळे भजी खायला गेले असते.

आपल्याकडे गोष्ट सांगण्याचा जुना रिवाज होता. अंगणात बाजा टाकलेल्या, दिवा मालवलेला. सांगणारी म्हणायची, हूं म्हणत राहा, नाही तर मी थांबते. कारण साधं होतं. अंधारात कोण जागं आहे, कोण झोपलं, हे तिला कळायचं कसं? जो हूं म्हणे त्याच्यासाठी गोष्ट पुढे जाई. मोठमोठ्या ग्रंथांचंही तसंच आहे. जनमेजय विचारत राहिला म्हणून वैशंपायनानं महाभारत सांगितलं. धृतराष्ट्रानं विचारलं म्हणून संजय बोलला. आणि आपल्या वऱ्हाडात तर या कामाचा एक वस्तादच होऊन गेला. अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा. त्यांचं कीर्तन म्हणजे एकट्याचं बोलणं नव्हतंच. ते समोरच्या माणसांना प्रश्न टाकायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. दिवसभर गावाचे रस्ते झाडून झाल्यावर, रात्री त्याच गावाला ते बोलतं करायचे. ज्याला आयुष्यात कोणी काही विचारलं नाही, अशा माणसालाही त्या गर्दीत बाबांना उत्तर द्यायला मिळे. मला वाटतं, लोक कोसाकोसावरून कीर्तनाला येत त्याचं अर्धं कारण हेच असावं.

चिखलदऱ्याला पंचबोल नावाचा एक पॉइंट आहे. तिथं उभं राहून हाक मारली की समोरचे डोंगर ती परत पाठवतात, पाच वेळा पाठवतात म्हणून पंचबोल. पोरांना ही जागा सगळ्यांत आवडते. जो तो आपलंच नाव ओरडतो. डोंगर तेच नाव परत देतो, थोडं बारीक करून. मजा येते, पण दहा मिनिटांत पोरं कंटाळतात. का कंटाळतात, ते उघड आहे. डोंगर कधी ‘मंग’ म्हणत नाही. आपण जेवढं दिलं तेवढंच तो देतो. घरातलं माणूस मात्र एका ‘मंग’वर आपल्या पोटात काय काय दडलं आहे ते बाहेर काढतं. मेळघाटातल्या कोरकू माणसाशी निवांत बसायला मिळालं आणि विचारलं, की तुम्ही या डोंगरात आलात कसे, तर तो भीमाचं नाव घेईलच असं नाही. त्यांची गोष्ट वेगळी. त्यात रावण महादेवाला विनवतो, की सातपुडा ओसाड पडला आहे, इथं माणसं वसवा. महादेव कावळ्याला लाल माती शोधायला धाडतो. त्या मातीची दोन बाहुली करतो, एक पुरुष, एक बाई. रात्री इंद्राचे घोडे येऊन ती तुडवून जातात. मग महादेव आधी कुत्रा घडवतो, राखणीला. कुत्रा भुंकून घोडे पळवतो, आणि मग त्या बाहुल्यांत जीव येतो. तेच मुला आणि मुलाई, कोरकूंचे पहिले आईबाप. सांगणाऱ्यागणिक गोष्ट थोडी बदलते. माणसाच्या आधी त्याचा राखणदार जन्माला घालणारी ही गोष्ट मला फार आवडते. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता, एवढं आपल्याला शाळेत पाठ करून घेतलेलं असतं. वाघाचं जंगल म्हणून आपण ते ओळखतो. तिथल्या माणसाला त्याची गोष्ट विचारायचं राहूनच जातं.

आता सकाळच्या घाईत हे सगळं कशाला, असं कोणी म्हणेल. पण ‘मंग’ म्हणायला वेळ लागत नाही. चहाचा कप हातात असताना वडील म्हणतात, ‘‘आमच्या वेळी कापसाच्या गाड्या रात्रभर चालत.’’ ते हे आधीही म्हणाले आहेत. आपण मान हलवतो, डोळे मोबाइलवर. त्या हलवलेल्या मानेतून त्यांना कळतं, की इथं अंधार आहे आणि सगळे झोपलेत. ते गप्प होतात. त्याऐवजी एकदा विचारून पाहावं, ‘‘मग बैल झोपायचे कधी?’’ बास, एवढंच. प्रश्न हुशारीचा नको. अर्थ काढणारा, चूक दाखवणारा, ‘हे तर असं नसतं बाबा’ म्हणणारा तर नकोच. ऐकलेल्या गोष्टीला चिकटून आलेला साधा प्रश्न पुरे. अकोल्यात राजेश्वराच्या देवळावरून रोज जाणाऱ्या माणसानं रिक्षावाल्या काकांना एकदा विचारून बघावं, की ते राणीचं काय आहे हो? अकोलसिंह राजानं तिच्यावर संशय घेतला, ती मध्यरात्री देवळात गेली, महादेवाची पिंड दुभंगली आणि राणी आत गेली, हे ते सांगतील. श्रावणात पूर्णेचं पाणी कावडीनं आणून याच राजेश्वराला घालतात, तेही सांगतील. आणि त्यांच्या खांद्यावर कावड होती ते वर्ष कोणतं, पाय कसे सुजले होते, हे न विचारता निघेल. सिग्नल सुटेपर्यंत एवढं सहज होतं.

खोटं ‘हूं’ मात्र लगेच ओळखू येतं. लहान मूल तर ते पहिल्या झटक्यात पकडतं. शाळेतून आलेलं पोर सांगत असतं, बाकावर कोण कोणाशी भांडलं, आणि आपण कुकरकडे बघत हूं हूं करतो. मग ते पोर मुद्दाम म्हणतं, ‘‘अन्‌ मग शाळेत हत्ती आला.’’ आपण म्हणतो, ‘‘हूं.’’ पकडले गेलो! अशा वेळी हसून कुकर बंद करावा आणि म्हणावं, ‘‘मग? हत्ती कोणत्या वर्गात बसला?’’ पोर लगेच जागा सांगतं. त्या हत्तीनंतर खरं भांडणही पूर्ण कळतं, कोणाची पेन्सिल होती इथपासून.

या रविवारी चिखलदऱ्याला निघणार असाल तर आणखी एक सांगायचं राहिलं. डबे, छत्र्या, उलटीची गोळी हे सगळं तुम्ही घ्यालच. गाडीत आजीला मागच्या सीटवर टाकू नका. मागून तिचा आवाज पुढे येत नाही, आणि घाटात खालच्या गिअरमध्ये तर मुळीच नाही. तिला मधल्या सीटवर बसवा, पोरांच्या बरोबर मध्ये, आणि परतवाडा सुटला की गाणी जरा बंद करा.